टिकणारं प्लॅटिनम

सुनंदा गवई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला, कॉलेजात बीएस्सीच्या मुलांचं प्रॅक्टिकल घेत होते. त्याला आता दीड महिना झाला. आजार ठाऊक होता, तरी हातातलं चंचुपात्र तसंच धरून मी उभीच राहिले...

दर्यापूरच्या एसटी कंडक्टरची ही मुलगी आणि मी, दोघींनी अमरावतीत एकाच प्रयोगशाळेत पीएचडी केली. इंधनघटात हायड्रोजनपासून वीज करायला प्लॅटिनम लागतं, आणि ते महाग. ते कमी लागावं म्हणून सुनंदा त्यात कोबाल्ट मिसळून अतिसूक्ष्म कण तयार करायची. एका नमुन्यानं पहिल्याच दिवशी नुसत्या प्लॅटिनमला कितीतरी मागं टाकलं. आमचे सर हरखले; शोधनिबंध लगेच पाठवू म्हणाले. सुनंदा म्हणाली, "सर, आज जोरात चालून राहिलं, पण टिकते का ते पाहू द्या न मले."

तिनं तोच नमुना आठवडाभर पुन्हा पुन्हा चालवला. आलेख रोज खाली येत गेला. कोबाल्ट घटातल्या आम्लात विरघळून गेलं होतं, उरलेले कण एकमेकांना चिकटून बसले होते. दोन वर्षांची मेहनत गेली. मी चिडले, "काहून केलं हे? कोणी इचारलं होतं तुले?" डोळे पुसत ती म्हणाली, "कोणी नसतंच इचारलं. पण मले शंका होती न वं."

मग ती भट्टीच्या मागे लागली. योग्य आच मिळाली तर कणाच्या आत प्लॅटिनमचा एक थर, कोबाल्टचा एक थर असे अणू शिस्तीत बसतात, आणि कोबाल्ट सहजी सुटत नाही. आच जास्त झाली की कणच एकमेकांत मिसळतात. दीड वर्षानं तिला ती आच सापडली. नवा नमुना पहिल्या दिवशी आधीच्यापेक्षा जरा मंदच होता, पण महिनाभरानंतरही जवळपास तसाच चालत होता! प्रबंधात मात्र तिनं पहिल्या नमुन्याचा तो पडलेला आलेख आधी छापला.

पुढं ती तिथंच शिकवायला लागली. अजून कमी प्लॅटिनममध्ये हेच जमवायचं, हे तिचं शेवटचं काम अर्धवट राहिलं. गेल्या आठवड्यात मी तिच्या प्रयोगशाळेत गेले, तर परतवाड्याची तिची विद्यार्थिनी पल्लवी यंत्रापुढं बसलेली. पडद्यावरची रेघ खाली न येता सरळ चालली होती. "जमलं?" मी विचारलं. तिनं कपाट उघडून दाखवलं. फसलेल्या प्रत्येक नमुन्याची छोटी बाटली, आणि तो का फसला ते सुनंदाच्या अक्षरात.

"मॅडमनं साऱ्या चुका लिहून ठेवल्या," पल्लवी म्हणाली, "म्हणून मले त्या पुन्हा करा नाही लागल्या."

आणि ती पुढचा नमुना भट्टीत ठेवायला उठली.