लेकीसाठी शिडाची नाव

थोरली मुलगी पहिलटकरीण होती आणि तिला सातव्या महिन्यातच माहेरी आणायचे होते. आठवा लागला की आमच्याकडे गरोदर बाईला वेस ओलांडू देत नाहीत. तिचे सासर तलावाच्या पश्चिम टोकाला, आमचे घर पूर्वेच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. गाडीवाट तलावाला वळसा घालून जंगलातून जाई आणि पावसाळ्यात तिच्यावर चार नाले आडवे येत. विहीणबाईंनी निरोप धाडला होता, "पोटुशी पोर बैलगाडीत आदळत नेता का? मी नाई धाडत."

म्हणून मी नाव शोधू लागलो. आमच्या तलावात ढिवर कोळ्यांचे डोंगे होते, एकाच खोडात कोरलेले. मासे धरायला ते उत्तम, पण त्यात बसणाऱ्याने शिंकसुद्धा जपून द्यावी. मला हवी होती फळ्यांची, रुंद बुडाची आणि लहान शीड लागेल अशी. पावसाळी वारा पश्चिमेचा. जाताना रिकामी नाव वल्हवत न्यावी आणि येताना शीड उभारून मुलीला काठाकाठाने आणावे, म्हणजे वाटेल तिथे उतरता येईल, असा माझा हिशेब होता.

आधी तिरोड्याकडे वैनगंगेच्या घाटावर गेलो. तिथल्या नावा माणसे आणि बैल एकदमच पार नेणाऱ्या. एका नावाड्याने विचारले, "वरात न्याची हाय का?"

एक पोरगी न्यायची आहे म्हटल्यावर तो हसला. "मंग नाव कायले पाटील? खांद्यावर घ्या न." पण त्यानेच सांगितले, की त्याच्या काकाने केशोरीकडच्या एका मालगुजाराला बदकांच्या शिकारीसाठी लहान शिडाची नाव करून दिली होती. म्हणजे मी इतका लांब आलो आणि नाव होती माझ्या घराकडेच.

मालगुजाराच्या गोठ्यात ती पालथी पडली होती. कित्येक उन्हाळे तिला पाणी लागले नव्हते. मी प्रत्येक फळी सुरीने टोचून पाहिली. साग सगळा शाबूत. किंमत मात्र माझ्याजवळ होती त्याच्या दुप्पट. तरी चालवून पाहू म्हणून मालगुजाराने ती घराजवळच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, सोडली. आम्ही काठावर उभे असतानाच सांध्यासांध्यातून पाणी आत आले आणि नाव काठोकाठ भरून बसली.

मालगुजार ओशाळला. "जाऊ दे पाटील. जळतनाच्या भावात घेऊन जाय."

तो भाव मला सहज परवडत होता. पण आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, राखले. तलावाचे पाणी सोडायचे लाकडी तुडुम उन्हाळ्यात वाळले की पहिल्या पाण्याला गळते, म्हणून ते कोणी फेकत नाही. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि सांधा बंद होतो. ही नाव तशीच वाळली होती. मला ते कळले होते, त्याला कळले नव्हते.

"मालक, हे जळतन नाई," मी म्हणालो. "आठ दिवस बुडूनच राहू द्या. मंग भाव सांगा."

"अन् मंग मी पहिलाच भाव सांगितला तं?"

"सांगाल."

"मंग बोलला काऊन तू?"

"जळतन म्हणून नेली असती अन् उद्या तुमाले तलावात शीड लावून चालताना दिसली असती, तं काय म्हणाले असते मले?"

"चोर म्हणलो असतो," तो म्हणाला.

घरी बायकोने कपाळाला हात लावला. "खरं बोलाले पोरीचा सातवाच सापडला का तुमाले जी?" तिचे चूक नव्हते. महिना सरत आला होता. आठ दिवसांनी भाव जमला नाही तर दुसरी नाव शोधायला वेळ उरणार नव्हता.

आठ दिवसांनी नाव उपसली आणि पाण्यावर सोडली. संध्याकाळपर्यंत बुडाशी वाटीभर पाणी आले असेल. मालगुजाराने पहिलाच भाव सांगितला. मी माझ्याजवळचा आकडा सांगितला. त्याने नावेच्या काठावर हात फिरवला.

"हिवाळ्यात पाहुणे येतात मायाकडे, बदकांवर," तो म्हणाला. "दर साली दोन दिवस नाव अन् तू, दोघंबी इथं. कबूल?"

कबूल, म्हणालो. त्याने पैसे न मोजताच खिशात टाकले, तेव्हा मी त्याला ते बाहेर काढून मोजायला लावले. मग पुन्हा वाळू नये म्हणून वर ओली पोती टाकून नाव गाडीवरून आमच्या तलावावर आणली.

सासरच्या काठाला लागलो तेव्हा विहीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "आधी मी बसन, इवाई. मी बुडली तं सून घरीच राहीन." त्या अंगाने भरलेल्या. नाव चार बोटे खाली गेली आणि थांबली. त्यांनी दोन्ही बाजूंना झुलून पाहिले.

"आता उतरा, पोरीले बसू द्या," मी म्हणालो.

"पुन्हा चिखलात पाय कायले भरू? मीबी येऊन राहिली. चाला."

मुलगी त्यांना टेकून बसली. जुन्या पासोडीचे शीड उभारले, ते फुगले आणि काठची झाडे मागे सरकू लागली. मग मुलगी म्हणाली, "बाबा, आदळतच नाई."

पाळीवर बायको वाट पाहत होती. मुलीला हात देऊन तिने उतरवले आणि हळूच मला विचारले, "एकीलेच आणाले गेले होते ना जी?"

विहीणबाई दुसऱ्याच दिवशी परत जाणार होत्या. पण समोरच्या वाऱ्यात त्यांच्यासकट नाव वल्हवणे माझ्याच्याने झाले नसते आणि बैलगाडीत आदळत जायला त्या तयार नव्हत्या. पूर्वेचा वारा लागला आणि त्या गेल्या, तेव्हा नात पंधरा दिवसांची झाली होती.