ग्रहणात शिवलेला ससा

गर्भार बाईनं ग्रहणात सुई धरली तर पोटातल्या बाळाचा ओठ फाटतो म्हणे. खोटं आहे. साफ खोटं. हे मी पत्रकात ठळक अक्षरांत छापलंय, वाशीला डेपोबाहेर उभी राहून वाटलंय, आणि एका काकांनी ते माझ्या तोंडासमोर चुरगाळून फेकलं तेव्हा उचलून, सरळ करून परत त्यांच्याच हातात दिलंय. तेव्हा मला कुणी भित्री म्हणू नये. पण त्या दिवाळीनंतरचे काही आठवडे मी जशी भ्यायले, तशी मोर्चात पोलिसांच्या गाडीत बसवलं तेव्हाही भ्यायले नव्हते.

घरात आम्ही चौघं. आई, दादा, वहिनी आणि मी. आई खाडीकाठच्या गावातली, मिठागरावर राबलेल्या घरातली. वहिनी साताऱ्याकडची. लग्न होऊन जुईनगरला आली ती स्वतःचं शिलाई मशीन घेऊनच. हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला तिचा संसार: फरच्या कापडाचे तुकडे, फायबरच्या कापसाच्या फुगलेल्या पिशव्या, रंगीत दोरे. हत्ती, अस्वलं, ससे शिवायची. ऑर्डरी फोनवर यायच्या. प्राणी आधी उलटा शिवायचा, मग पाठीला ठेवलेल्या भोकातून सगळा सुलटा ओढून काढायचा, पाय पेन्सिलीनं बाहेर ढकलायचे, कापूस भरायचा, भोक बंद करायचं. मग कान. सगळ्यात शेवटी तोंड. डोळे ती दोऱ्यानंच भरायची. मणी लावले तर पोरं तोडून गिळतात, म्हणायची. स्वतःचं मूल अजून पोटात, पाचवा महिना, आणि काळजी लोकांच्या पोरांची.

दिवाळीत सूर्यग्रहण आलं. संध्याकाळी लागणार आणि सूर्य तसाच ग्रासलेला मावळणार, असं. आईनं दुपारीच पडदे ओढले. पिण्याच्या पाण्यात, दुधात, लोणच्याच्या बरणीत, सगळीकडे तुळशीची पानं. वहिनीनं आतल्या खोलीत बसायचं. हलायचं नाही, खायचं नाही, सुरी-कातर-सुईला हात लावायचा नाही. पोटुशी बाईला उपाशी एका जागी कोंडायचं! खालच्या कुत्र्याला कुणी असं बांधलं असतं तर सोसायटीच्या ग्रुपवर बोंब झाली असती.

“आई, ओठ कधीच तयार झालेला असतो. तिसऱ्या महिन्याच्या आत. आता सुई धरली काय नि तलवार धरली काय.”

“तू डाक्टर हाय का?”

“डॉक्टरांनीच सांगितलंय.”

“मंग डाक्टर येनार हाय का बारशाला, लोकांना सांगाला?”

वहिनी हसली. एरवी ती मला ताई म्हणते, चिडवायचं असलं की वन्सं. “वन्सं, पुढच्या पत्रकावर माझा फोटो टाका,” म्हणाली आणि हॉलमध्ये येऊन अर्धा झालेला ससा मांडीवर घेतला. वाशीच्या एका बाईंना तो मुलीच्या वाढदिवसाला हवा होता.

मी तिला शीव म्हणाले नव्हते. शिवू नको असंही म्हणाले नाही. का म्हणावं?

खालच्या रस्त्यावरून कुणीतरी ओरडत चाललं होतं, “दे दान, सुटे गिरान.” वहिनीनं सशाला दोन्ही कान लावले. मग गुलाबी दोरा ओवून तोंडाला सुरुवात केली. सशाचं तोंड कसं असतं, ठाऊक आहे ना? नाकाखाली एक उभी रेघ, आणि खाली तिला दोन फाटे. वरचा ओठ मधोमध चिरलेला.

आई दारात उभी होती. तिनं ते बघितलं. पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली.

तिथून मला भीती सुरू झाली.

कशाची, ते सांगते. ओठ दुभंगलेली बाळं जन्माला येतात. ग्रहण असो वा नसो, आईची काही चूक नसताना. ऑपरेशननं तो ओठ जोडताही येतो. हे सगळं माझ्या पत्रकात होतं. पण समजा, निव्वळ योगायोगानं, ते आमच्याच घरात झालं तर? मग कोण वाचणार पत्रक? ते पोर जिथं जाईल तिथं लोक आधी त्याचा ओठ बघतील आणि मग वहिनीकडे बोट दाखवतील. हिनं केलं. सशाचं तोंड शिवत बसली होती. गावच्या आत्या बोलतील, बिल्डिंगमधल्या काकू बोलतील, एखाद्या दिवशी भांडणात दादासुद्धा बोलेल. आणि मी तिच्यापुढे काय धरणार? कागद?

पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी होती. आत मी गेले, आई बाहेर बाकावर. डॉक्टरबाईंनी डोकं, मणका, हृदय सगळं दाखवलं. मग त्या थांबल्या. वहिनीला कुशीवर वळवलं. उठवून चालायला लावलं. गार पाणी प्यायला लावलं. पुन्हा बघितलं.

“हात तोंडावर घेऊन झोपलंय. ओठ नीट दिसत नाही. दोन आठवड्यांनी या. टेन्शन घेऊ नका, होतं असं.”

बाहेर आल्या आल्या आईनं विचारलं, “होट दिसला?”

“हात आड आलाय. परत बोलवलंय.”

“दडवतंय,” आई म्हणाली.

एकच शब्द. वहिनीनं तो ऐकला.

घरी आल्यावर तिनं मशीनवर चादर टाकली. कंबर दुखते म्हणाली. गावाहून आत्याचा फोन आला, “सून ग्रहनात शिवत व्हती म्हनं?” आईनं नाही म्हणून सांगितलं. माझी आई, जी कधी कुणाशी खोटं बोलत नाही! मी रोज मोबाईलवर त्या ओठांचे फोटो शोधायचे, ऑपरेशनच्या आधीचे, नंतरचे, आणि वहिनीच्या हाती लागू नयेत म्हणून सगळं पुसून टाकायचे. बाहेर पत्रकं वाटताना आवाज माझा तोच होता. घरी मात्र वहिनी झोपेत कण्हली तरी मी दचकायचे.

अशात एकदा कापसाच्या पिशवीत मला तो ससा सापडला. तोंड उसवलेलं. सुईची बारीक भोकं तेवढी राहिली होती आणि एका भोकात गुलाबी दोऱ्याचं टोक. मी तो घेऊन तरातरा स्वयंपाकघरात गेले.

“हे तूच केलंस ना?”

“माजा हात नाय लागला.”

“मग काय सशानं स्वतः उसवलं? तिच्या कामाला हात लावायचा तुला काय अधिकार? टाके उसवून ओठ जुळतो का? आधीच ती घाबरलीय, त्यात तुझं हे!”

“आवाज खाली कर. निजलीय ती.” आईनं गॅस बारीक केला. “मना पन भ्या वाटतं गो. माजंच नातवंड हाय.”

मला तिचं खरं वाटलं नाही.

दुसऱ्या सोनोग्राफीला वहिनीनं पडद्याकडे बघायचंच नाकारलं. डोळे मिटून म्हणाली, “ताई, तुम्ही बघा.” पडद्यावर सगळं राखाडी, हलतं. मी कॉटची दांडी धरली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, “आज हात काढलाय बघा. हा वरचा ओठ. हा खालचा. छान आहे.”

मी वाकून वहिनीच्या कानात सांगितलं. तिनं डोळे तरीही उघडले नाहीत.

रिक्षात आम्ही तिघी मागे दाटून बसलो. वहिनी मध्ये. आईनं हात जोडले, पुटपुटली, वहिनीच्या गुडघ्यावर थोपटलं. सानपाड्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली. आई वहिनीकडे वळली. मग म्हणाली, “होट बरा हाय. आनि कान? कान बगितले का गो? कान पन तवाच लावलेस ना.”

मी तोंड उघडलं. भाषण तयारच होतं. पण माझ्याआधी वहिनी बोलली, समोर बघत, हळूच.

“कानपण उसवलेत मी, आई. तोंड उसवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

आईनं तिचा हात धरला. मी माझ्या मांडीवरची पत्रकांची पिशवी धरून बसले.

घरी वहिनीनं ससा बाहेर काढला. दोन डोळे आणि बाकी नुसतं पांढरं फर. कान वेगळे, कागदात गुंडाळलेले. “वाशीच्या बाईंचे फोन येतायत,” ती म्हणाली. “ताई, तुम्ही शिवता? कुठं टाका घालायचा ते मी सांगते. सुई मात्र तुमच्या हातात.”

मला शर्टाचं बटणसुद्धा धड लावता येत नाही. तरी बसले. कान लागले कसेबसे, एक वर, एक जरा खाली. आई समोर लसूण सोलत होती, पण तिची नजर सुईवर. मी गुलाबी दोरा घेतला आणि नाकाखाली उभा टाका घालायला गेले.

“तसं नको,” वहिनी म्हणाली. तिचे दोन्ही हात पोटावर होते. “सरळ. आडवी एकच रेघ.”

“सशाचं तोंड असं नसतं.”

“आपल्या सशाचं असतं.”

मी आडवी रेघ घातली. एका बाजूला वाकडी उतरली. आईचा लसूण थांबला. तिघीही त्या रेघेकडे बघत राहिलो.

मग मीच ती उसवली, आणि परत घालायला घेतली.