वॅगनच्या मागच्या जागेतला आवाज

सेडानच्या मागच्या सीटमागे डिकीची आडभिंत असते. स्टेशन वॅगनमध्ये मात्र सगळी जागा थेट मागच्या काचेपर्यंत मोकळी असते. मला वॅगन आवडते ती या मोकळेपणासाठी, आणि तिची भीती वाटते तीही त्यामुळेच. बाबा गेल्यापासून त्यांची वॅगन मी चालवते. वेग सत्तरच्या पुढे गेला की मागून खर्जातला घुमारा उठतो, बाबा गाडी चालवताना गुणगुणत तसा. तो पोकळीतल्या हवेचा अनुनाद आहे, हे मी जाणते. कारण सापडले की गोष्ट संपते, असे मी काम करते त्या प्रयोगशाळेत आम्ही मानतो. इथे ती संपत नाही.

"ताई, मागे आवाज शोषणारे जाड फेल्ट लावतो. गाडी एकदम गप्प होईल," मेकॅनिकला घुमारा ऐकवला तेव्हा तो म्हणाला. मी होकार दिला.

काल आई शेजारी बसली होती. बाबांना ती वेगावरून कायम रागवायची. घुमारा सुरू झाला आणि ती बोलता बोलता थांबली. वळणावर मी वेग कमी केला, तसा तो विरला.

समोर बघतच आई म्हणाली, "रस्ता मोकळा आहे. जरा जोरात घे ना."

मी वेग वाढवला. मेकॅनिकला नकार कळवायचा होता; पण त्यासाठी गाडी थांबवावी लागली असती, आणि मागे घुमारा पुन्हा सुरू झाला होता.