सागाच्या पेटीवर

ताज्या सागाच्या भुशाचा कडवट-गोड वास गल्लीत दरवळला, की शेजारच्या ताई रंधा मारत आहेत हे कळे. बोलतानाही त्यांची बोटे लाकडावर ठेका धरत.

भीमगीतांच्या पथकात त्या कंट्रोलर, म्हणजे बटणे दाबून ताल-सूर काढायचे विजेवरचे वाद्य, वाजवत. स्वतः बसवलेल्या मोठ्या बटणांमुळे तो तयार पेटीत मावेना, आणि टेम्पोच्या हिसक्यांनी तारा निसटत. पुन्हा बंद पडला तर दुसरा वादक आणू, असे गायकाने बजावले होते.

ताईंनी स्वतः घडवलेली सागाची नवी पेटी पाहून गायक माझ्यासमोरच हसला, "ताई, याच्यात कोंबड्या नेऊन राहिल्या का?"

ताईंनी कंट्रोलर आत ठेवून झाकण लावले. वाद्याला नमस्कार केला, चपला काढल्या आणि पेटीवर उभ्या राहिल्या.

"आता हास."

मग त्यांनी झाकण उघडून कंट्रोलर सुरू केला. त्याचे सगळे दिवे लागले. माझा हात बटणावर ठेवत त्या म्हणाल्या, "वाजव."