कोऱ्या पट्टीतले आकडे

ती घटना विसरलो, असं मी घरच्यांना कितीदा सांगितलं. खोटं सांगितलं. स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी एका जागी बसवत नाही, त्याचं कारण तीच.

शहापूर पोलीस ठाण्यात तपास अधिकारी होतो. तानसाजवळच्या एका बंगल्यातून जुन्या गाण्यांच्या तबकड्या चोरीला गेल्या. मालक मुंबईचे, नावाजलेले संग्राहक. फिर्यादीसोबत त्यांनी यादी जोडली होती. प्रत्येक तबकडीपुढे लेबलवरचा क्रमांक आणि आणखी काही बारीक आकडे. वरून रोज फोन येई, काय प्रगती?

चौथ्या दिवशी खबऱ्याने सांगितलं, मुरबाडकडचा एक स्पीकरवाला हळदीत अजून तबकड्या वाजवतो. मुरबाड ठाण्यात नोंद करून आम्ही त्याच्या घरी गेलो. ट्रंकेत चाळीसेक निघाल्या. तीन यादीशी जुळल्या. पंचनाम्यात नेहमीप्रमाणे लेबलवर दिसलं ते उतरवलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि त्याला उचलला.

चौकशीत त्याने गयावया केली नाही. बापाने घेतलेल्या आहेत, एवढंच म्हणत राहिला. मग म्हणाला, “साहेब, लेबलावर नका जाऊ. तीच गाणी कंपनी वरसानुवरसं काढते, लेबल तेच ऱ्हातं. उजेडात तिरपी धरा. आतल्या कोऱ्या पट्टीत आकडं ठोकलेलं हायेत. कवाची हाय ते कलंल.”

हवालदार हसला. “घ्या साहेब, आता आरोपी आपली शाळा घेणार.”

मी त्याच्या कानाखाली मारली. केस डायरीत लिहिलं, आरोपी उडवाउडवीची उत्तरे देतो.

म्हसा गावची जत्रा आली, तेव्हा तो तुरुंगात होता. दरवर्षी तिथला स्पीकर त्याचा असे. त्याची बायको ठाण्याबाहेर बसून राही. एकदाच बोलली, “पोरीला गावात चोराची म्हणत्यात, साहेब. तेवढं बगा.”

दोषारोपपत्रासाठी मुद्देमाल बाहेर काढला, तेव्हा तिचं बोलणं डोक्यात होतं. खिडकीशी जाऊन एक तबकडी तिरपी धरली. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीत खरंच आकडे होते. यादी काढली; तिच्यातले बारीक आकडे याच पट्टीतले होते, खाली त्यांचा अर्थही दिला होता. मालकांच्या तबकड्या पहिल्या ठशाच्या. या तिन्ही चौथ्या ठशाच्या, म्हणजे कितीतरी वर्षांनी छापलेल्या. मालकांना फोन केला. ते सहज म्हणाले, “मग त्या माझ्या नव्हेतच. म्हणून तर आकडे लिहून दिले होते.”

कलम १६९ खाली, पुरेसा पुरावा नाही असा अहवाल पाठवून त्याला सोडवला. एकोणीस दिवस झाले होते. अहवालात ‘बारकाईने तपास करता निष्पन्न झाले’ असं लिहिलं. वरिष्ठांनी शाबासकी दिली, मी ती घेतली. हे त्यानेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, हे कुठल्याच कागदावर नाही. चोरीचा माल मात्र कधीच सापडला नाही.

समोरचा बोलतो ते पटो न पटो, आधी लिहून घ्यावं, हे मी त्या केसमध्ये शिकलो. तपासायला पाच मिनिटं लागली असती.

गेल्या थंडीत त्याच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं, हात जोडले. तो म्हणाला, “मला कशाला सांगताय साहेब? मला पयल्यापासून म्हाईत हाय. गावात सुटून आला म्हणत्यात. चोर नव्हता, असं कोन म्हणत नाय. त्यांना सांगा.”

सांगतो म्हणालो. निघालो तेव्हा देवळापुढे पंधरा-वीस माणसं बसली होती. मी गाडी थांबवली नाही.