लहान सोडा, मोठे धरा

तळ्याकाठच्या कॉलेजात बाई काय शिकवतात ते ऐकून नवा माणूस बुचकळ्यातच पडायचा. विषय जीवशास्त्राचा, पण वर्गात ना बेडूक ना सूक्ष्मदर्शक. नुसते कॉम्प्युटर आणि पडद्यावर वळवळणारे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक जीव. तो खातो, वाढतो, पिल्लं घालतो, मरतो. बाईंनी कळ दाबली की मुलांची जांभई संपायच्या आत कितीतरी पिढ्या होऊन जायच्या. "देवाला युगं लागली, मी तासाभरात उरकते," असं म्हणून बाई स्वतःच खो खो हसायच्या. हुशारीचा तोरा होता थोडा, खोटं कशाला बोला! पण शिकवायच्या मात्र जीव ओतून.

अभ्यासक्रमाचे दोन भाग होते. पहिल्या सत्रात संख्या: जीव किती जन्मतात, किती मरतात, तोल कुठे राहतो. दुसऱ्या सत्रात उत्क्रांती: पिढ्यान्‌पिढ्या जीव बदलतात कसे. मध्ये परीक्षा आणि लांबलचक सुट्टी. मुलं पहिला भाग साफ विसरून दुसऱ्याला येऊन बसायची आणि बाई त्यांची यथेच्छ खरडपट्टी काढायच्या.

बाईंचा धाकटा भाऊ त्याच तळ्यावर मासे धरायचा. तो शाळेत कधी रमला नाही, पाण्यात रमला. पण ताई म्हणजे त्याचा जीव की प्राण. एका वर्षी तळ्यातले मासे इतके रोडावले की होड्या रिकाम्या परतू लागल्या. तेव्हा तो ताईकडे येऊन म्हणाला, "तुझ्या त्या ठिपक्यांना विचार की गं, आमचं काय होणार ते."

बाईंना काय, तेच हवं होतं. त्यांनी अख्खं तळं कॉम्प्युटरात घातलं आणि उत्तर काढलं. मोठ्या भोकांची जाळी लावा. लहान मासे निसटू देत, अंडी घालू देत. मोठे तेवढे धरा. धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांना बसवून त्यांनी हे समजावलं, आणि बारीक जाळी बंद करायचा विडा भावाने उचलला. "माझ्या ताईचा शब्द आहे," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. त्याच्या लहानपणच्या मित्राने, लंबूने, गुपचूप बारीक जाळं टाकलं, तर याने ते बाहेर ओढून सगळ्यांदेखत सुरीने फाडलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

मासे परत आले बरं का, अगदी बाईंनी सांगितल्यासारखे! बाईंचा सत्कार झाला, फोटो निघाले. पण वर्षं सरली तसे मोठे मासे दिसेनासेच झाले. "सगळे जाळ्यातून सटकतात गं, अजून पोरसवदाच आहेत," भाऊ म्हणायचा. "थांब जरा, वाढतील," बाई म्हणायच्या. दर वर्षी तो विचारायचा आणि दर वर्षी बाई त्याला थांब म्हणायच्या.

मग एकदा दुसऱ्या सत्रात, उत्क्रांतीच्या तासाला, बाईंनी नेहमीच्या किड्यांच्या ठिपक्यांचा कंटाळा आला म्हणून जुनं तळंच पडद्यावर लावलं. फरक एवढाच केला, की प्रत्येक पिल्लाने वाढीचा वेग आईकडून घ्यायचा, थोडा कमी किंवा थोडा जास्त. मोठे धरायचा नियम तसाच ठेवला. कळ दाबली आणि ठिपके बघता बघता बारीक होत गेले. वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनी मात्र घाईघाईने सगळं पहिल्यापासून परत लावलं; पुन्हा तेच.

भराभर वाढणारा मासा अंडी घालायच्या आत जाळ्यात सापडत होता. खुरटा निसटत होता, लहानपणीच अंडी घालत होता, आणि त्याची पिल्लंही खुरटीच. अरे, हे तर त्या दरवर्षी शिकवत होत्या! दोन्ही धडे याच तोंडाने, फक्त दोन वेगळ्या सत्रांत. मुलांना विसराळू म्हणणाऱ्या बाईंनी तळ्यासाठी फक्त पहिलं सत्र वापरलं होतं.

संध्याकाळी त्या भावाकडे गेल्या. तो दारात जाळं सांधत बसला होता. त्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हणजे ते पोरसवदा नाहीतच?"

"नाहीत रे. पुरते वाढलेत. एवढेच होतात आता."

"आणि हे आपण केलं?"

"मी केलं."

त्याने हातातला दोरा खाली ठेवला. "लंबूचं जाळं मी फाडलं, ताई," एवढंच म्हणाला. बाईंना रडू आवरेना.

"परत होतील का मोठे?" त्याने विचारलं.

"जे थोडे उरलेत ते राखले तर. पण बिघडायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ लागेल. आपण काही बघायला नसू."

शेडमध्ये नवा नियम सांगायला बाई स्वतः उभ्या राहिल्या: बारीक जाळी परत काढा, आता लहान धरा, मोठे सोडा. "वा बाई! उद्या होडीच सोडा म्हणाल," मागून कुणीतरी ओरडलं आणि शेड हसून हसून लोळली. एरवी भाऊ अंगावर धावून गेला असता. त्या दिवशी तो खाली मान घालून बसला.

त्या आठवड्यात बाई हट्टाने त्याच्या होडीत बसल्या. एकट्याने टोमणे खाऊ नयेत त्याने, एवढाच हेतू. तिसऱ्यांदा जाळं ओढताना त्याचा हात अडला, आणि वर आला तो दोन्ही हातांत न मावणारा मासा. असा मासा त्याने कैक वर्षांत पाहिला नव्हता. तो लहानपणी हसायचा तसा हसला, "ताई, बघ, बघ गं!" म्हणाला. मग त्याने मान वर केली. आजूबाजूच्या होड्या थांबल्या होत्या. त्यांत लंबूचीही होती.

त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, एवढा एक ठेव रे, कोण बघतंय.

"सोड," त्या म्हणाल्या.

त्याने मासा पाण्यात धरला, त्याच्यात पुन्हा जोर येईपर्यंत हाताने सांभाळला आणि मग हात काढून घेतला. तिथलं पाणी शांत झालं तरी तो वाकूनच होता.

"ताई," तो हळूच म्हणाला. आवाजात राग नव्हता. "उद्यापासून तू येऊ नकोस होडीत. तू नसलीस तरी सोडीन मी, तुझ्या शब्दावर नाही, माझं मी ठरवून. पण तू येऊ नकोस."

आणि त्याने होडी काठाकडे वळवली, बाईंना उतरवायला.