वर्गातला शेवटून पहिला

सातवीच्या मराठीच्या तासाला माझ्या वर्गात एक बाप येऊन बसत होता आणि आम्ही सगळे त्याला मनसोक्त हसत होतो. हे मला कळलं तेव्हा तो निघून गेला होता.

रत्नागिरीच्या आमच्या शाळेत टॅब आले तेव्हा माझ्या उत्साहाला भरतं आलं होतं. वाक्प्रचार म्हटलं की जांभया देणारी पोरं, पडद्यावर प्रश्न आणि खाली पळणारं घड्याळ दिसलं की बाकावर उभी राहायची. चुकणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून खेळताना टोपणनावं घ्यायची, हे डोकं माझंच. हापूस, सुरंगी, पापलेट, नुसता बाजार भरायचा. आजारी मुलांना घरून खेळता यावं म्हणून लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकायची. आता आमच्याकडे पालकांचा ग्रुप म्हणजे निम्मा आखातात. शाळेत नंबर द्यायचा तो बापाचाच, मग बाप मस्कतला का असेना. उद्या शाळा लवकर सुटेल हा निरोपसुद्धा आधी तिकडे जातो आणि फिरून घरी येतो.

या खेळात 'बांगडा' कधी शिरला ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते त्याचं शेवटी राहणं. घड्याळ संपता संपता उत्तर द्यायचा, तेही बहुतेक चुकीचं. निकाल लागला की वर्ग ओरडायचा, बांगडा तळाला! मीही हसायचे. तापाने घरी पडलेलं कुणीतरी पोर असेल असं मला वाटायचं. सगळ्यात मोठ्याने हसायची ती पहिल्या बाकावरची हुशार मुलगी. दिवाळीनंतर बांगडा यायचा थांबला.

पुढे पालकसभेला त्या मुलीची आई आली. ग्रुपवर नवऱ्याऐवजी माझा नंबर घ्या, म्हणाली. मी सहज कारण विचारलं, तर आधी घुटमळली आणि मग सगळं सांगितलं. नवरा मस्कतला गोदामात कामाला. त्याची शाळा उर्दू, तीही अर्ध्यात सुटलेली. लेक मोठी होताना त्याने पाहिली ती फोनवरच. चहाच्या सुट्टीत अक्षराला अक्षर जोडत तो तिच्या वर्गात यायचा. एकदा लेकीनेच त्याला फोनवर हसत सांगितलं की आमच्यात एक ढ आहे, त्याला काही म्हणजे काही येत नाही. तोही हसला म्हणे. त्यानंतर त्याने लिंक उघडली नाही.

"तिला बोलू नका हां, मॅडम," आई म्हणाली. "पोर रडेल, म्हणून त्यांनी बजावलंय."

मी बोलले नाही. पण फार वाईट वाटतं. त्याचं खरं नाव पडद्यावर दिसलं असतं, तर त्याच लेकीने त्याला एकेक उत्तर समजावून दिलं असतं.

परवा खेळ संपल्यावर ती टॅब परत द्यायला आली आणि तिने विचारलं, तो बांगडा कोण होता? मी म्हटलं, होता कुणीतरी, त्याला शिकायचं होतं.

"मग यायचा कशाला थांबला?" तिने विचारलं.